साथ आली की तुंबलेली लघवी, अडकलेला खडा आणि ताप: कुणाला थांबवायचं, कुणाला नाही

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्रात काम करणाऱ्या डॉक्टरांनी विचारलं आहे की, कोविडसारखी साथ पुन्हा आली तर लघवीच्या मार्गाच्या तातडीच्या रुग्णांचं नेमकं काय बिघडतं, कुणाला लगेच बांबोळीला, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या (गोमेकॉ) इस्पितळात, पाठवायचं, कुणाला घरी ठेवून चालतं, आणि इस्पितळात पोचल्यावर घोडं कुठे अडतं.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. गोव्यात दोन्ही लाटांत अडचण एकसारखी नव्हती, त्यामुळे ‘साथीत असं होतं’ असा एकच धडा काढता येत नाही. २५ मार्च २०२० ला गोव्यात पहिले तीन रुग्ण सापडले आणि त्याच दिवसापासून देशभर टाळेबंदी लागली. १९ एप्रिलपर्यंत ते आणि नंतरचे सगळे बरे झाले, मेच्या मध्यापर्यंत राज्यात एकही रुग्ण नव्हता. म्हणजे खाटा होत्या, ऑपरेशन थिएटर होतं, पण कदंबच्या बसगाड्या बंद, पत्रादेवी आणि पोळेचे सीमेवरचे नाके बंद, आणि इस्पितळाची भीती. दोडामार्ग, बांदा, सावंतवाडीकडचा रुग्ण नेहमी बांबोळीलाच येतो, तो तर दोन राज्यांच्या मध्ये लटकला. २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये उलट झालं. रस्ता मोकळा होता, पण खाट नव्हती. भूलतज्ज्ञ अतिदक्षता विभागात अडकले होते, आणि गोमेकॉतल्या ऑक्सिजनचा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेला होता. पहिल्या तऱ्हेत रुग्ण उशिरा येतो, दुसऱ्या तऱ्हेत वेळेवर येऊनही दाराशी थांबतो. तुमच्या केंद्रातून करायची तयारी दोन्ही वेळी वेगळी लागते. पहिल्या वेळी फोन आणि वाहन महत्त्वाचं, दुसऱ्या वेळी चिठ्ठीत काय लिहिलंय ते.

सगळ्यात जास्त घात होतो तो तापात. खडा मूत्रवाहिनीत अडकलाय, वरची लघवी तुंबलीय आणि तिच्यात जंतू वाढलेत, हा रुग्ण थंडी वाजून ताप, अंगदुखी, उलट्या, धाप अशाच तक्रारी सांगत येतो. साथीच्या दिवसांत दारावरचा माणूस थर्मामीटर बघून त्याला तापाच्या रांगेत बसवतो. तिथे स्वॅब, मग रिपोर्टची वाट. सीआरपी वाढलेलं, डी-डायमर वाढलेलं, फेरिटिन वाढलेलं, लिम्फोसाइट कमी. हे सगळं जंतुसंसर्ग रक्तात पसरल्यावरही असंच दिसतं, म्हणून या तपासण्या इथे काही निवडून देत नाहीत. लघवीची तपासणीही फसवते. नळी पूर्ण बंद असेल तर त्या बाजूची घाण खाली उतरतच नाही. जी लघवी बाटलीत येते ती दुसऱ्या, चांगल्या किडनीची, आणि रिपोर्ट येतो ‘नॉर्मल’.

निवड करायची ती हाताने आणि डोळ्याने. प्रत्येक तापाच्या रुग्णाला उठून बसवा आणि बरगडीच्या खाली, पाठीच्या कोपऱ्यात मुठीने हलकं ठोका. एका बाजूला कळवळला तर थांबा. श्वास मोजा, पूर्ण एक मिनिट. मिनिटाला अठ्ठावीस श्वास आणि बोटावर ऑक्सिजन ९८ दिसत असेल, तर बिघाड फुफ्फुसात शोधण्याआधी रक्तात वाढलेल्या आम्लात शोधावा, कारण कोविडच्या न्यूमोनियात धापेबरोबर सहसा ऑक्सिजनही उतरलेला असतो. मग सोनोग्राफीचा प्रोब दोन्ही कुशीत ठेवायचा. किडनीच्या मध्यभागी काळा भाग पसरलेला दिसतो की नाही, इतकंच बघायचंय, त्याला दोन मिनिटंही लागत नाहीत आणि त्यासाठी रेडिओलॉजिस्टच हवा असंही नाही. छातीचा सीटी ठरलाच असेल तर त्याच बैठकीत, कॉन्ट्रास्टशिवाय (शिरेतून रंगद्रव्य न देता), खाली मूत्राशयापर्यंत काप घ्यायला सांगा. रुग्णाला दुसऱ्यांदा सीटीच्या खोलीत न्यायचं आणि खोली पुन्हा निर्जंतुक करायची, यात साथीत अर्धा दिवस जातो. तो अर्धा दिवस या रुग्णाकडे नसतो.

ताप, ठोकल्यावर दुखणं आणि फुगलेली किडनी, हे तिन्ही एकत्र दिसले की कोविडचा रिपोर्ट काहीही असो, त्या किडनीचं तोंड मोकळं करायचं. रक्त आणि लघवी कल्चरला घ्या आणि तासाभराच्या आत अँटिबायोटिकचा पहिला डोस द्या. हा पहिला डोस पूर्ण द्यायचा. क्रिएटिनिन (किडनीच्या कामाची रक्ततपासणी) पाहून कमी करायचे ते पुढचे. नुसत्या अँटिबायोटिकवर ‘सकाळपर्यंत बघू’ असं इथे करू नये, तुंबलेल्या किडनीत औषध धड पोचतच नाही. मधुमेही, एकच किडनी असलेला, गरोदर बाई आणि रक्तदाब उतरलेला रुग्ण यांना सोनोग्राफीसाठीही अडवू नका, १०८ बोलवा आणि सोनोग्राफी पुढे होईल असं लिहा.

मोकळं करायचे मार्ग दोन: खालून दुर्बिणीने डीजे स्टेंट (मूत्रवाहिनीत ठेवायची बारीक नळी), किंवा पाठीतून सुई घालून थेट किडनीत नळी, म्हणजे पीसीएन. साथीत पीसीएनचं पारडं जड होतं. जागा बधिर करून, सोनोग्राफीखाली, खाटेजवळही होते, घशात नळी घालून भूल द्यावी लागत नाही, त्यामुळे थेंब उडत नाहीत. १८ गेजची सुई मागच्या बाजूच्या खालच्या कप्प्यात, तिच्यातून तार, मग वाट रुंद करून ८ किंवा १० फ्रेंचची (फ्रेंच हे नळीच्या जाडीचं माप) पिगटेल, म्हणजे टोकाला वळण असलेली नळी. निघालेला पहिला पू कल्चरला. आत कॉन्ट्रास्ट दाबून सोडायचं नाही, पू रक्तात ढकलला जातो आणि रुग्ण टेबलावरच थरथरायला लागतो. पालथं झोपवणं जमत नसेल, धाप असेल, तर कुशीखाली उशी देऊन तिरकं ठेवूनही काम होतं.

अडचण येते ती रक्त गोठू न देणाऱ्या हेपॅरिनमुळे. कोविडच्या वॉर्डातला रुग्ण बहुधा एनॉक्सापॅरिनवर (हेपॅरिनचाच एक प्रकार) असतो. प्रतिबंधक डोस असेल तर स्टेंटसाठी द्यायच्या पाठीच्या मणक्यातल्या भुलीआधी बारा तास, उपचाराचा डोस असेल तर चोवीस तास जायला हवेत. पीसीएनमध्येही रक्तस्रावाचा धोका मोठा. म्हणजे दोन्ही वाटा अर्धवट बंद. अशा वेळी खालून, लिग्नोकेन जेलीवर, भुलीशिवाय स्टेंट हा मार्ग बरा. बायकांमध्ये सहज जमतो, पुरुषांत लवचीक दुर्बीण असेल तर. म्हणून तुमच्या चिठ्ठीत ‘शेवटचं हेपॅरिन किती वाजता, किती डोस’ ही ओळ हवीच. ती नसली की पुढचा भूलतज्ज्ञ सावध बाजू धरतो, आणि सावध बाजू म्हणजे चोवीस तास.

भुलीच्या भीतीबद्दल थोडं. मे २०२० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या कोविडसर्ज अभ्यासात शस्त्रक्रियेच्या आसपास कोविड झालेल्यांपैकी २३.८ टक्के रुग्ण तीस दिवसांत दगावले, निम्म्यांहून अधिकांना फुफ्फुसाची गुंतागुंत झाली. तो आकडा सगळ्यांच्या डोक्यात बसला, आणि बसायलाही हवा होता, प्रोस्टेट किंवा मोठ्या खड्याच्या ठरवून करायच्या शस्त्रक्रियांसाठी. पुढे त्याच गटाने, शक्य असेल तिथे, कोविडनंतर किमान सात आठवडे थांबायला सुचवलं. पण त्या आकड्याच्या आधारे पू भरलेल्या किडनीतली नळी लांबवणं हा हिशेबच चुकीचा. जागा बधिर करून घातलेली नळी आणि तीन तासांची पोटाची शस्त्रक्रिया एका मापात मोजता येत नाहीत.

अंडकोषाला पीळ पडणं याला सहा तास धरा. त्या आत पीळ सुटला तर दहापैकी नऊपेक्षा जास्त अंडकोष वाचतात, बारा तासांवर साधारण निम्मे, चोवीस तासांनंतर क्वचित एखादा. साथीत हे तास कुठे जातात ते बघा: पोरगा लाजून सांगत नाही, किंवा नुसतं ‘पोटात दुखतंय’ म्हणतो. शाळा बंद, घरात सगळे, तरी. मग फोनवर डॉक्टर. २५ मार्च २०२० ला टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं निघाली आणि फोनवर औषध सांगणं रुळलं, ते चांगलंच झालं. पण फोनवर ‘सूज आहे, अँटिबायोटिक घे’ असं सांगितलेल्या चौदा वर्षांच्या मुलात पीळ निघाला तर तो अंडकोष गेला म्हणून समजा. दिवाडीसारख्या बेटावरचा रुग्ण असेल तर फेरीबोटीचा वेळही याच सहा तासांतून जातो. वय दहा ते पंचवीस, एका बाजूला अचानक दुखणं, उलटी, अंडकोष वर चढलेला, मांडीच्या आतून बोट फिरवल्यावर वर न हलणारा: याला डॉपलर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) नको, स्वॅबचा रिपोर्ट नको. पॉझिटिव्ह समजूनच, पूर्ण पोशाखात, थिएटरमध्ये घ्यायचा. तो पोशाख चढवायला पंधरा-वीस मिनिटं जातात, म्हणून पाठवतानाच फोन करा. पोर पोचेपर्यंत टीम तयार हवी.

काणकोणहून बांबोळी साठ-सत्तर किलोमीटर. इतक्या अंतरात हाताने पीळ सोडवून बघायला हरकत नाही. रुग्णाच्या पायाशी उभं राहायचं आणि पुस्तक उघडतो तसा अंडकोष आतून बाहेर फिरवायचा: उजवा घड्याळाच्या उलट, डावा घड्याळाप्रमाणे. एक फेरा पुरेलच असं नाही, दीड-दोन लागतात. दुखणं एकदम थांबलं आणि अंडकोष खाली उतरला तर जमलं. दुखणं वाढलं तर थांबा आणि उलट फिरवा, साधारण एक तृतीयांश रुग्णांत पीळ उलट्या दिशेचा असतो. सुटला तरी रुग्ण घरी जात नाही. दोन्ही अंडकोष टाक्याने बसवून घ्यायचे असतात, पीळ परत पडतो.

लघवी तुंबण्यात साथीने एक नवीन कारण आणलं आणि ते अजून फारसं कुणाच्या लक्षात येत नाही. सत्तरीचे आजोबा, प्रोस्टेट आधीच वाढलेलं, खोकला-सर्दी झाली म्हणून फार्मसीतून सर्दीच्या गोळ्या. त्यांच्यात फेनिलेफ्रिन आणि क्लोरफेनिरामिन. पहिलं मूत्राशयाचं तोंड आवळतं, दुसरं मूत्राशयाची ताकद काढून घेतं. वर पडून राहणं आणि बद्धकोष्ठ. तिसऱ्या दिवशी बेंबीपर्यंत फुगलेलं पोट. कोविडच्या किटमध्ये सर्दीची गोळी असेल तर साठीपुढच्या पुरुषाला ‘धार कशी आहे?’ हे विचारून मगच द्या.

नळी घालायचं काम केंद्रातच होतं, त्यासाठी बांबोळी नको. १६ फ्रेंच फोली (टोकाला फुगा असलेली नळी), १० ते १५ मिली लिग्नोकेन जेली, आणि मग तीन ते पाच मिनिटं खरोखर थांबायचं. बहुतेक ठिकाणी घाई इथेच होते. नळी फाट्यापर्यंत आत आणि लघवी दिसल्यावरच फुगा, १० मिली निर्जंतुक पाण्याने. सलाईनने भरला तर क्षार धरून फुगा उतरत नाही. लघवी हळूहळू काढायची, मध्ये चिमटा लावायचा, या जुन्या सवयीची गरज नाही, एकदम काढली तरी चालते. पुढचे तास मात्र मोजा. सलग दोन तास, तासाला २०० मिलीच्या वर लघवी होत राहिली तर तो रुग्ण दाखल हवा, पाणी आणि सोडियम दोन्ही उतरतात. प्रोस्टेटची शस्त्रक्रिया साथ संपेपर्यंत होणार नाही हे दिसत असेल तर लॅटेक्सची नळी घालू नका. ती महिन्याच्या आत बदलावी लागते. पूर्ण सिलिकॉनची तीन महिन्यांपर्यंत चालते, किंमत जास्त असली तरी दोन खेपा वाचतात. टॅमसुलोसिन ०.४ मिलिग्रॅम रोज रात्री चालू करून दोन-तीन दिवसांनी नळी काढून बघणं कधीही बरं. कारण सर्दीच्या गोळीचं असेल तर बऱ्याच जणांची लघवी सुटते.

अतिदक्षता विभागातल्या नळ्यांबद्दल बोलायला हवं, कारण नंतर निस्तरावं लागतं ते युरोलॉजीला. गॉगलवर वाफ, दोन हातमोजे, खाली रुग्ण हाय फ्लो ऑक्सिजनवर. अशात नळी घालताना बोटांना अंदाज येत नाही आणि फुगा मूत्रमार्गातच फुगवला जातो. रुग्ण हेपॅरिनवर, त्यामुळे रक्त थांबत नाही. आणि काही महिन्यांनी तोच माणूस धार बारीक झाली म्हणून येतो, मूत्रमार्ग आकसलेला. दुसरं, नळी घालताना मागे ओढलेली कातडी पुढे आणायची राहते. रुग्ण पालथा, अंगावर सूज, रोज बघणारं कुणी नाही. दोन दिवसांत पुढचा भाग सुजून काळानिळा. हे टाळायला एक वाक्य पुरे आहे: नळी घातली की कातडी पुढे. तिसरं, रुग्ण पालथा करताना नळी पोटाखाली मुरडते, पीसीएन असेल तर ओढली जाऊन बाहेरच येते. लघवी कमी झाली की लगेच लॅसिक्स (लघवी वाढवणारं औषध) आणि ‘किडनी गेली’ असं धरण्याआधी नळी हाताने तपासा, पीसीएनमध्ये ५ ते १० मिली सलाईन हलकेच सोडून बघा.

खड्याच्या साध्या पोटशुळाबद्दल फार लिहायला नको. ताप नाही, दोन्ही किडन्या आहेत, क्रिएटिनिन ठीक, दुखणं औषधाने थांबतं आणि खडा पाच मिलिमीटरच्या आत, तर चार आठवड्यांपर्यंत घरी थांबता येतं. मात्र दुखणं थांबलं म्हणजे खडा पडला असं नाही. दोन-तीन आठवड्यांनी सोनोग्राफी हवीच, साथ असो वा नसो. मार्च २०२० मध्ये फ्रान्सच्या आरोग्यमंत्र्यांच्या एका ट्वीटवरून आयबुप्रोफेनसारख्या औषधांची भीती पसरली, जागतिक आरोग्य संघटनेने चार दिवसांत खुलासा केला, पण भीती राहिली आणि खड्याचे रुग्ण नुसत्या पॅरासिटामॉलवर तळमळत राहिले. किडनी ठीक असेल तर डायक्लोफिनॅक ७५ मिलिग्रॅम स्नायूत, हे अजूनही पहिलं औषध.

तेव्हाच्या दुसऱ्या टोकाच्या उत्साहाबद्दलही सांगून ठेवतो. व्हिटॅमिन सी पाचशे मिलिग्रॅमच्या गोळ्या दिवसातून दोन-तीनदा, महिनोन्‌महिने, आणि वर व्हिटॅमिन डीचं साठ हजार युनिटचं पाकीट संपूच न देणं. सीचं शरीरात ऑक्झॅलेट होतं, डी जादा झालं की लघवीत कॅल्शियम वाढतं, आणि दोन्ही मिळून नेमका तोच खडा. त्यात मेचा गोव्यातला उकाडा आणि मास्क काढायला नको म्हणून दिवसभर न प्यायलेलं पाणी. खड्याचा इतिहास असलेल्याला या गोळ्या विचारून बंद करा.

आणखी तिघांना लगेच पाठवायचं. लघवीतून रक्ताच्या गुठळ्या येऊन तुंबलेला: याला साधी नळी चालत नाही, २२ किंवा २४ फ्रेंचची तीन तोंडांची लागते, आणि मोठ्या सिरिंजने गुठळ्या ओढून काढल्याशिवाय सलाईन चालू करायचं नाही. स्टेरॉइड घेतलेला मधुमेही, ज्याची अंडकोषाची पिशवी दुखते, काळसर होते आणि दाबल्यावर कुरकुरते: फोर्नियर गँग्रीन, तासांचा मामला, त्याच रात्री कापून काढावं लागतं. आणि चार तासांहून जास्त टिकलेली वेदनादायक ताठरता. कोविडमध्ये रक्त गोठण्याच्या प्रवृत्तीने हे झाल्याचे रुग्ण नोंदले गेले आहेत, आणि रुग्ण शरमेने सगळ्यात शेवटी सांगतो.

आता स्टेंटचं. साथीत सगळीकडे सल्ला होता: स्टेंट घाला, खडा नंतर काढू. संसर्ग असेल तर तो बरोबरच आहे. संसर्ग नसेल आणि रुग्ण मणक्याच्या भुलीखाली टेबलावर आहेच, तर खडा त्याच वेळी काढावा असं माझं मत, कारण ‘नंतर’ची तारीख साथीत कुणाच्याच हातात नसते. स्टेंट चार ते सहा आठवड्यांसाठी असतो. तीन महिन्यांपुढे त्यावर क्षार चढतात, सहा महिन्यांपुढे दोन्ही टोकांना दगड होतात आणि ओढल्यावर तुटतो, मग एका कामाची तीन कामं. रुग्णाला काहीच दुखत नसतं, म्हणून तो येत नाही. केंद्रात एक वही ठेवा: नाव, गाव, दोन फोन नंबर (एक शेजाऱ्याचा), कुठली बाजू, घातल्याची तारीख, काढायची तारीख. पीसीएन आणि सिलिकॉनच्या नळ्याही त्याच वहीत, तीन महिन्यांच्या तारखेने. दर सोमवारी आशाताई किंवा परिचारिकेने ती उघडून त्या आठवड्यातल्यांना फोन लावायचा. तारीख उलटून गेली असेल तर ओढून बघू नका, आधी पोटाचा साधा एक्स-रे काढा. स्टेंटच्या टोकाला पांढरा गोळा दिसला तर तो एक्स-रे रुग्णाच्या हातात देऊनच बांबोळीला पाठवा.